विमानाला तडा जातो तेव्हा...

तार तोडायची आहे आणि पक्कड हाताशी नाही, अशा वेळी आपण काय करतो? तार दोन्ही हातांनी धरतो, इकडे वाकवतो, तिकडे वाकवतो. पाच-दहा वेळा असं केलं की वाकवलेली जागा गरम होते आणि तार पटकन तुटते. तीच तार दोन्ही टोकांना धरून सरळ ओढून तोडायची म्हटली तर पैलवान बोलवावा लागेल. म्हणजे एका दणक्यात जे होत नाही, ते थोड्याच जोराने पण पुन्हा पुन्हा केलं की होतं.

इंजिनियर लोक याला 'फटीग' म्हणतात. मराठीत धातूचा थकवा. नाव तितकंसं बरोबर नाही खरं तर. आपण थकलो तर रात्रभर झोपून सकाळी ताजेतवाने होतो; धातू तसा होत नाही. त्याचा थकवा साचत जातो.

आजचा विषय आहे विमानाचा सांगाडा, त्याचा पत्रा आणि त्या पत्र्याला जाणारे तडे. आपण ३५,००० फुटांवर ट्रेमधला उपमा खात असतो तेव्हा आपल्या आणि बाहेरच्या उणे पन्नास अंश थंडीच्या मधे बरेचदा दोन मिलिमीटरहूनही पातळ पत्रा असतो. तो फाटत नाही याचं श्रेय कुणाचं, याची ही गोष्ट. शनिवार आहे, चहा घेऊन बसा. जरा लांबण लागणार आहे :)

आधी रेल्वे

थकव्याचा शोध विमानवाल्यांनी लावला नाही. तो मान रेल्वेवाल्यांचा. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. आस चांगला जाडजूड लोखंडी होता. मग मोडला कसा? तेव्हा लोकांना वाटायचं की वापरून वापरून लोखंडाची 'जात' बदलते आणि ते ठिसूळ होतं.

पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनियरने १८५० आणि ६० च्या दशकांत चिकाटीने प्रयोग केले. आस मशीनवर लावायचे, वजन टांगायचं, फिरवत राहायचं आणि किती फेऱ्यांनंतर मोडतो ते लिहून ठेवायचं. त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, तुटण्याच्या ताकदीपेक्षा खूप कमी ताणही पुन्हा पुन्हा दिला तर वस्तू मोडते. दोन, पोलादाच्या बाबतीत एक खालची मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या आत ठेवला तर कितीही फेऱ्या मारा, आस मोडत नाही.

आता गंमत पहा. विमानं ज्या अल्युमिनियमची बनतात त्याला अशी स्पष्ट खालची मर्यादा नाही. ताण कमी ठेवला तर आयुष्य वाढतं, खूप वाढतं, पण 'कधीच मोडणार नाही' अशी सोय नाही. प्रत्येक फेरी कुठेतरी जमाखर्चाच्या वहीत लिहिली जाते. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

शनिवारी मऊ, सोमवारी कडक

मग पोलादच का नाही वापरत? कारण उघड आहे, वजन. अल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. पण शुद्ध अल्युमिनियम फार मऊ, आपल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यांना कसे पोचे येतात ते आठवा. राइट बंधूंनी १९०३ मध्ये इंजिनाच्या सांगाड्याला अल्युमिनियम वापरलं, पण विमान मात्र लाकूड आणि कापडाचं.

हा प्रश्न सोडवला आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाने, १९०६ च्या सुमाराला. त्याची गोष्ट अशी सांगतात की शनिवारी त्याने अल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम घालून केलेला मिश्रधातू तापवून पाण्यात बुडवला, कडकपणा मोजायला सुरुवात केली आणि काम अर्धवट टाकून घरी गेला. सोमवारी येऊन पुन्हा मोजतो तर धातू आपोआप बराच कडक झालेला! तापवून थंड केल्यावर तांब्याचे अणू आत हळूहळू एकत्र येतात, अतिसूक्ष्म गाठी बनवतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. विल्मच्या काळात हे कारण कुणाला ठाऊक नव्हतं, पण धातू बाजारात आला ड्युराल्युमिन या नावाने.

आजही विमानाच्या धडाचा पत्रा मुख्यतः याच घराण्यातला असतो, '२०२४' या नंबरचा मिश्रधातू. त्याहून ताकदवान '७०७५' आहे, त्यात जस्त असतं. मग सगळीकडे तोच का नाही लावत? कारण ताकद वेगळी आणि तडा सहन करणं वेगळं. पंखाची वरची बाजू उडताना दाबली जाते, तिथे ७०७५ च्या घराण्यातले धातू चालतात. खालची बाजू आणि धड ताणले जातात, आणि ताणात तडे उघडतात; तिथे २०२४ बरा. थोडा कमी पैलवान, पण जखम झाली तरी टिकून राहणारा.

हा पत्रा बसतो कशावर? धड म्हणजे एक लांब नळकांडं. त्याला आडव्या गोल फ्रेम असतात (आपल्या बरगड्या समजा), लांबीच्या दिशेने बारीक पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात, आणि त्यावर पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. पत्रा नुसतं झाकण नव्हे, तोही भार घेतो. पूर्वीच्या कापडी विमानात कापड फाटलं तर सांगाडा शाबूत असायचा. इथे कातडी हाच अर्धा सांगाडा.

विमान श्वास घेतं

प्रवासी विमान उंच न्यायचं तर आत हवा दाबून ठेवावी लागते. प्रत्येक उड्डाणात धड फुग्यासारखं किंचित फुगतं आणि खाली आल्यावर पुन्हा बसतं. एक उड्डाण, एक श्वास. वर म्हटलेल्या वहीत प्रत्येक श्वासाची नोंद होते.

आता येऊ कॉमेटवर. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. २७ जुलै १९४९ ला पहिल्यांदा उडालं. २ मे १९५२ ला बीओएसीने लंडन ते जोहान्सबर्ग पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. जे विमान त्या दिवशी उडालं त्याच्या नोंदणीची शेवटची अक्षरं वाय आणि पी, म्हणून त्याला 'योक पीटर' म्हणायचे. हे नाव लक्षात ठेवा.

इतर प्रवासी विमानं वीसेक हजार फुटांवर पंखे फिरवत, वादळात हेलकावे खात जायची. कॉमेट ४०,००० फुटांपर्यंत जायचं, दुप्पट नाही तरी दीडपट वेगाने, आणि आत इतकं शांत की लोक टेबलावर नाणं उभं ठेवून दाखवायचे. आपल्याकडेही कॉमेट यायचं. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं एक कॉमेट सांताक्रूझ समजून चक्क जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. पुन्हा उडवून बाहेर काढायला सुमारे नऊ दिवस गेले! मुंबईकरांना फुकट तमाशा.

पण उंचीची किंमत होती. आतला आणि बाहेरचा दाबाचा फरक दर चौरस इंचाला ८.२५ पौंड, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ ५.८ टन. तोपर्यंतच्या कुठल्याही प्रवासी विमानापेक्षा खूप जास्त. आणि जेट इंजिनं तेव्हा अशक्त, म्हणून वजन वाचवायला पत्रा पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी.

डी हॅविलंडची माणसं बेफिकीर होती असं मुळीच नाही. नियम सांगत होता तेवढ्यावर न थांबता त्यांनी धडाचा एक भाग नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासला. पुढे १९५३ मध्ये थकव्याची काळजी वाढली तेव्हा तोच भाग घेऊन दाब चढव-उतरव सुरू केली. जवळजवळ १८,००० वेळा झाल्यावर तो खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. विमान आयुष्यभरात जेवढी उड्डाणं करेल त्याच्या कितीतरी पट! सगळे निर्धास्त झाले.

तुमच्यापैकी जे टेस्टिंगमध्ये काम करतात त्यांच्या डोक्यात इथे घंटा वाजली असेल. 'तोच भाग'. याकडे परत येतो.

तीन अपघात

पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २ मे १९५३ ला, एक कॉमेट कलकत्त्याच्या दमदमहून दिल्लीला निघालं आणि काही मिनिटांत कालबैसाखीच्या वादळात हवेतच मोडलं. ४३ जण गेले. भारत सरकारच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की वादळातल्या जबरदस्त झोतांनी, किंवा वैमानिकाने झोतांशी झुंजताना कंट्रोल्स जास्त ओढल्याने, सांगाड्यावर झेपणार नाही इतका ताण आला. वादळ तर समोर होतंच, त्यामुळे दुसरीकडे बघायचं कारण नव्हतं.

१० जानेवारी १९५४. योक पीटर रोमहून लंडनला निघालं. आकाश चांगलं होतं. वीसेक मिनिटांनी कॅप्टन दुसऱ्या विमानाशी रेडिओवर बोलत असताना वाक्य मधेच तुटलं. एल्बा बेटाजवळच्या कोळ्यांनी तुकडे समुद्रात पडताना पाहिले. ३५ जण गेले. बीओएसीने कॉमेट जमिनीवर बसवली, संभाव्य कारणांची यादी केली, पन्नास-साठ सुधारणा केल्या आणि २३ मार्चला उड्डाणं परत सुरू झाली. ८ एप्रिलला दुसरं कॉमेट, 'योक योक', रोमहून कैरोला जाताना नेपल्सजवळ समुद्रात पडलं. २१ जण गेले.

यादीतल्या प्रत्येक कारणावर इलाज केला होता. खरं कारण यादीत नव्हतं.

पाण्याच्या टाकीतलं विमान

चौकशी गेली फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटकडे, प्रमुख होते आर्नल्ड हॉल. ब्रिटिश नौदलाने एल्बाजवळच्या समुद्रतळातून, पाण्याखालचे टीव्ही कॅमेरे वापरून, योक पीटरचे तुकडे वर काढले. ते आणून लाकडी सांगाड्यावर एकेक तुकडा जागच्या जागी बसवला गेला. इटलीतल्या डॉक्टरांनी मृतांची तपासणी करून सांगितलं होतं की फुप्फुसं आतून फाटली आहेत, म्हणजे केबिनचा दाब क्षणार्धात गेला.

हॉलच्या लोकांनी एक अख्खं कॉमेट, 'योक अंकल', एका प्रचंड टाकीत ठेवलं. पंख टाकीच्या बाहेर काढले. टाकीत आणि विमानात पाणी भरलं. मग आत आणखी पाणी ढकलून दाब वाढवायचा, हायड्रॉलिक जॅकने पंख वरखाली हलवायचे, दाब उतरवायचा. झालं एक उड्डाण. पाणीच का? कारण दाबलेली हवा म्हणजे बाँब. विमान फाटलं असतं तर सगळे पुरावे उडून गेले असते. पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे चीर पडली की दाब लगेच उतरतो आणि सुरुवात कुठे झाली ते दिसतं.

जून १९५४ च्या अखेरीला धड फाटलं. योक अंकलची खरी उड्डाणं १,२२१, टाकीतली १,८३६. एकूण ३,०५७. तडा सुरू झाला होता आपत्कालीन दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी. तिथला ताण मोजला तर तो धातूच्या तुटण्याच्या ताकदीच्या सुमारे ७० टक्के निघाला. कंपनीच्या अंदाजापेक्षा खूपच जास्त. योक पीटरची उड्डाणं १,२९०, योक योकची साधारण ९००.

मग १८,००० चा आकडा कुठून आला? आता 'तोच भाग'.

कंपनीने तो भाग आधी दुप्पट दाबाला ताणला होता. त्या वेळी खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू आपल्या लवचिकतेच्या पलीकडे गेला आणि कायमचा किंचित ताणला गेला. दाब सोडल्यावर आजूबाजूचा धातू मूळ जागी परतू पाहतो, पण हा लांबलेला कोपरा मधे अडकतो आणि दाबला जातो. म्हणजे तिथे आता कायमचा उलटा दाब बसला. पुढच्या प्रत्येक फेरीत ताणाला आधी तो उलटा दाब फेडावा लागतो, मगच तडा उघडणार. ताकद तपासण्याच्या परीक्षेने नमुना मजबूत झाला! प्रवासी घेऊन उडणारी विमानं मात्र या परीक्षेला कधी बसलीच नव्हती. आकडा खरा होता, पण एका अशा विमानाचा जे जगात कुठेच उडत नव्हतं.

जाता जाता एक गैरसमज. 'कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून ती फुटली' हे वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं. खिडक्या चौकोनी दिसायच्या, पण कोपरे गोलावलेले होते. शिवाय योक पीटरच्या अवशेषांत फाटण्याची सुरुवात सापडली ती प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे, छपरावर रेडिओ अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीपाशी, एका भोकाच्या काठाला. पातळ पत्रा, कोपऱ्याचा आकार, भोकं आणि फसवी टेस्ट असे चारही धागे एकत्र आले. एकट्या 'चौकोना'वर ढकललं की गोष्ट सोपी होते आणि शिकण्यासारखं हातातून निसटतं.

कॉमेट जाड पत्रा आणि नव्या खिडक्या घेऊन परत आलं. ४ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटिकवरची पहिली जेट प्रवासी सेवा कॉमेट-४ नेच दिली. तीनच आठवड्यांनी बोइंग ७०७ आलं आणि बाजार घेऊन गेलं.

तड्याशी तडजोड

कॉमेटनंतर विचार कसा बदलत गेला, तो मला या गोष्टीचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

पहिला विचार असा: भाग किती फेऱ्या टिकतो ते मोजा, त्याला तीन-चारने भागा, तेवढ्या फेऱ्या झाल्या की भाग फेकून द्या. याला 'सेफ लाइफ' म्हणतात. याचं गृहीतक काय, तर नवा भाग निर्दोष असतो. २२ डिसेंबर १९६९ ला अमेरिकन हवाई दलाच्या एका एफ-१११ चा पंख उड्डाणात निखळला. विमानाचे जेमतेम शंभरएक तास झाले होते. पंखाच्या सांध्याच्या पोलादात घडाईच्या वेळेपासूनच एक दोष होता, कारखान्यात कुणाला न दिसलेला. दोष जन्मापासूनच असेल तर 'सुरक्षित आयुष्य' कुठून मोजायचं?

दुसरा विचार: एक वाट तुटली तर भार घ्यायला दुसरी वाट ठेवा. हा 'फेल सेफ'. आयडिया उत्तम. पण १४ मे १९७७ ला झांबियात लुसाकाजवळ एका मालवाहू बोइंग ७०७ चं शेपटीचं आडवं पंख उतरता उतरता निघून गेलं, विमानातले सहाही जण गेले. तिथे दुसरी वाट होती. पण पहिली वाट तुटलेली कुणाला दिसली नाही, विमान तसंच उडत राहिलं, आणि दुसऱ्या वाटेवर सगळा भार पडून तीही गेली. घरात दोन टाक्या आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो, पण एक रिकामी झाली हे कुणी पाहिलंच नाही तर दुसरी असून काय उपयोग?

म्हणून तिसरा विचार, जो १९७८ मध्ये अमेरिकेच्या प्रवासी विमानांच्या नियमांत आला: 'डॅमेज टॉलरन्स'. तडा आहे असं धरूनच चला. सगळ्यात वाईट जागी, नजरेतून सुटेल एवढा तडा आजच आहे असं माना. तो धोकादायक लांबीपर्यंत वाढायला किती उड्डाणं लागतील ते काढा. समजा १२,००० आली. मग दर ४,००० उड्डाणांनी तिथे तपासणी ठेवा, म्हणजे एकदा हुकला तरी पुन्हा संधी आहे.

नीट पाहिलं तर इथे जबाबदारी सरकली. आधी ती ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसाची होती. आता गणितात एक नवा घटक आला: हँगरमध्ये टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस. त्याला तडा दिसला नाही तर सगळं गणित फुकट.

टॉर्चवाला माणूस

२८ एप्रिल १९८८. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७, हवाई बेटांमध्ये हिलो ते होनोलुलू. २४,००० फुटांवर पुढच्या भागाचं छप्पर, जवळजवळ १८ फूट लांबीचं, उडून गेलं. प्रवासी उघड्या आकाशाखाली, पट्ट्यांनी बांधलेले. वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. एक हवाई सेविका मात्र बाहेर फेकली गेली, ती सापडली नाही.

विमान १९ वर्षांचं होतं, उडण्याचे तास ३५,४९६. हे फार नव्हेत. पण उड्डाणं ८९,६८०! बेटांमधले वीस-पंचवीस मिनिटांचे प्रवास, दिवसभर चढ-उतार. डिझाइन केलं होतं ७५,००० उड्डाणांसाठी. आमच्या एसटीसारखं आहे हे. पुणे-नागपूर गाडी आणि शहरात दर दोनशे मीटरला थांबणारी गाडी, किलोमीटर सारखे झाले तरी क्लच कुणाचा आधी जाईल ते ड्रायव्हरला विचारा.

त्या जुन्या ७३७ मध्ये दोन पत्रे जिथे एकावर एक येतात त्या सांध्यात गोंदाचं कापड होतं. भार गोंदाने घ्यायचा आणि रिव्हेटनी मदत करायची, अशी योजना. खाऱ्या दमट हवेत गोंद सुटला, फटीत गंज धरला, सगळा भार रिव्हेटांवर आला. मग एकेका रिव्हेटच्या भोकाला बारीक तडे. एकच मोठा तडा असता तर पत्रा ठरावीक जागी थांबला असता, तशी सोय होती. पण ओळीतल्या शेजारशेजारच्या भोकांना छोटे छोटे तडे असले की ते एकमेकांना मिळतात. पोस्टाच्या तिकिटांचा ताव भोकांच्या रेषेवर कसा फाटतो, तसं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण म्हणून देखभालीवर बोट ठेवलं, पण तपासणी करणाऱ्यांची परिस्थितीही अहवालात लिहिली. काम रात्री, कारण दिवसा विमान उडायला हवं. धडाच्या गोल पाठीवर, पडू नये म्हणून छताला बांधलेल्या दोरीच्या आधाराने सरकत, एकामागून एक रिव्हेट, डोळ्यांत तेल घालून. शेकडो रिव्हेट चांगले निघाले की पुढचाही चांगलाच असणार असं मेंदू आपोआप धरून चालतो. कोड रिव्ह्यूमध्ये चाळिसाव्या फाइलला काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथे फाइलच्या जागी माणसं बसलेली असतात.

आणि हेही अहवालात आहे: विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ पत्र्याला चीर दिसली होती. ती कुणाला बोलली नाही.

या तपासणीला आता यंत्रांची साथ आहे. एडी करंट म्हणजे एक छोटी कॉइल पत्र्यावर फिरवायची. तिच्यामुळे पत्र्यात विजेचे भोवरे उठतात आणि तडा आला की भोवरा वळसा घेतो, ते मीटरवर कळतं. रंगीत द्रव लावून पुसायचा, तो तड्यात शिरून राहतो आणि पावडर टाकली की रेघ उमटते. अल्ट्रासाउंड, एक्स-रे आहेतच. पण कुठे बघायचं हे माणसानेच ठरवायचं असतं.

दुरुस्ती हाही एक भाग असतो

देखभालीची दुसरी बाजू दुरुस्ती. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या ७४७ मधले ५२४ पैकी ५२० जण गेले. हे विमान १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना शेपटीवर आपटलं होतं. मागचा दाब अडवणारा घुमट दुरुस्त करताना जोडपट्टी एक सलग हवी होती, तिचे दोन तुकडे करून बसवले गेले. वरून दिसायला सगळं ठीक. पण भार रिव्हेटच्या दोन ओळींऐवजी एकाच ओळीवर आला. ते सात वर्षं, बारा हजारांवर उड्डाणं टिकलं. मग घुमट फाटला, शेपटीचा उभा पंख गेला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या.

२५ मे २००२ ला चायना एअरलाइन्सचं ७४७ तैवानजवळ हवेत तुटलं, २२५ जण गेले. तिथेही १९८० मध्ये शेपूट घासली होती. खरचटलेला पत्रा काढून टाकायचा सोडून त्यावर दुसरा पत्रा ठोकला गेला. जखम न धुता वरून पट्टी. पट्टीखाली तडा बावीस वर्षं वाढत होता आणि पट्टीमुळेच तो बाहेरून दिसत नव्हता.

आणि आता कार्बन

बोइंग ७८७ मध्ये वजनाने निम्मा सांगाडा कार्बन फायबरच्या कंपोझिटचा आहे. त्याला अल्युमिनियमसारखा थकवा येत नाही आणि गंजही धरत नाही, म्हणून केबिनचा दाबही वाढवता आला; आतलं हवामान ८,००० ऐवजी ६,००० फुटांवरचं ठेवता येतं. मग संपला प्रश्न? नाही, रूप बदललं. सामानाची गाडी मागे घेताना विमानाला धडकली तर अल्युमिनियमला पोचा येतो, दिसतो. कंपोझिट बाहेरून जागच्या जागी परत येतं आणि आत मात्र थर सुटलेले असू शकतात. ते शोधायला अल्ट्रासाउंड आहेच, पण आणखी एक जुनी पद्धत चालते: छोट्या हातोडीने किंवा नाण्याने टकटक करून आवाज ऐकायचा. चांगल्या जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी बद्द. माठ घेताना आपली आजी बोटाने वाजवून घ्यायची, तेच हे. आणि धडक देणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने खाली मान घालून निघून न जाता ते सांगणं, हाही आता विमानाच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

कॉमेटपासून आजवरच्या या सगळ्यातून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. विमान सुरक्षित आहे ते त्याला तडा जात नाही म्हणून नव्हे. तडा जाणार हे मान्य करून तो कुणीतरी वेळेवर बघतो आणि बघितलेलं सांगतो, म्हणून. यातलं बघणं यंत्राने सोपं होतं. सांगणं अजून माणसाकडेच आहे, आणि पहाटे तीन वाजता, सहाचं विमान सुटायचं असताना, 'हे विमान जाणार नाही' असं सांगायला काय लागतं ते ज्यांनी प्रॉडक्शन रिलीज थांबवलाय त्यांना थोडंफार ठाऊक असेल.

तेव्हा 'तांत्रिक कारणामुळे उड्डाण दोन तास उशिरा' अशी घोषणा झाली की काउंटरवरच्या पोरीवर लगेच ओरडू नका. कुणाच्या तरी टॉर्चच्या उजेडात काहीतरी दिसलं असेल. त्याने ते सांगितलं, एवढं लक्षात ठेवून एक कॉफी घ्या.